जिगचा रंग बघून मासा लागतो का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी रत्नागिरीचा, गेल्या वर्षीपासून जेटीवरून आणि अधूनमधून मित्राच्या बोटीतून जिगिंग करतोय, म्हणजे जिग (शिशाचा रंगवलेला खोटा मासा) पाण्यात सोडून ओढत मासे धरतोय. दुकानात गेलं की एकाच वजनाची दहा-बारा रंगांची जिग लटकवलेली असतात. दुकानदार म्हणतो गुलाबी घ्या, बरोबरची पोरं म्हणतात निळं-चंदेरीच चालतं आणि आमचे काका म्हणतात माशाला रंग कळतच नाही, उगाच पैसे घालवू नको. प्रत्येक रंगाचं एक घ्यायचं तर खिसा रिकामा होतो. नक्की काय करू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काकांचं पूर्ण बरोबर नाही पण दुकानदारापेक्षा जास्त बरोबर आहे. रंगाने फरक पडतो, फक्त त्याचा नंबर बराच खाली लागतो. आधी जिग मासा ज्या खोलीवर फिरतोय तिथे पोचलं पाहिजे, मग त्याचा साइज मासा त्या दिवशी जे खातोय त्याच्या आसपास पाहिजे, मग हाताची चाल आणि त्यानंतर रंग. पाण्याला ओढ असताना तीस ग्रॅमचं जिग तळाला पोचतच नसेल तर ते गुलाबी असो नाहीतर सोन्याचं असो, तांबोशीला ते दिसणारच नाही.

आता पाण्याचं गणित बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. स्वच्छ पाण्यातसुद्धा पाच-सात मीटर खाली गेलं की लाल जवळपास संपतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा, आणि निळा सगळ्यात खोल पोचतो. गाळाच्या पाण्यात मात्र निळासुद्धा लवकर मरतो, जो काही थोडाफार उजेड खाली जातो तो हिरवट-पिवळट असतो. म्हणजे हातात लालभडक दिसणारं जिग वीस-पंचवीस मीटरवर काळपट दिसतं. पण म्हणून ते वाया गेलं असं नाही हं! मासा बऱ्याचदा खालून वर बघत असतो, वर उजेड असतो आणि त्या उजेडावर काळी आकृती ठसठशीत उठून दिसते. गुलाबीचं वेगळं, त्यातला लाल भाग गेला तरी तो मुळात फिका असल्यामुळे खाली पांढरट-राखाडी दिसतो. म्हणजे आपण लाल की गुलाबी यावर वाद घालतो तेव्हा माशाच्या लेखी तो गडद की फिका एवढाच प्रश्न असतो.

काकांना एवढं मात्र सांगा की माशांना रंग दिसतात, बऱ्याच माशांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. पण समुद्रातल्या खूपशा माशांची नजर निळ्या-हिरव्याला तीक्ष्ण आणि लालाला कच्ची असते. शिवाय आपण गळ टाकायला जातो कधी, तर झुंजुमुंजू झाल्यावर नाहीतर तिन्हीसांजेला. त्या वेळी उजेड इतका कमी असतो की माशाचं डोळ्याचं काम रंगाच्या पेशींवरून अंधुक उजेडाच्या पेशींवर गेलेलं असतं आणि त्यांना रंग कळत नाही, फक्त उजळ-काळोखं कळतं. चांदण्यात आपल्याला शर्टाचा रंग ओळखता येत नाही तसंच. म्हणजे ज्या तासाभरात सगळ्यात जास्त स्ट्राइक (माशाची जिगवर झडप) मिळतात त्याच तासाभरात रंग सगळ्यात कमी कामाचा.

मासा कुठला त्यावरही आहे. सुरमई आणि कुप्पा यांच्यासाठी आपण जिग जोरात ओढतो, ते अंगावर झडप घालतात, नीट निरखायला त्यांना वेळच नसतो, तिथे लखलखाट आणि वेग महत्त्वाचा. सुरमईने दातांनी रंग खरवडून टाकलेलं, मधूनमधून नुसतं शिसं दिसणारं जिग परत पाण्यात टाकलं तरी त्याच्यावर सुरमई लागते, कुठल्याही जुन्या बोटवाल्याला विचारा. याउलट खडपात बसलेला गोब्रा किंवा तांबोशी, त्यांच्यासमोर आपण जिग हळू सोडतो, ते तरंगत डुलत खाली येतं आणि मासा बघत बसतो. तिथे मी रंगाचा, त्यातही ग्लोचा (अंधारात चमकणाऱ्या रंगाचा), विचार नक्की करतो.

पाण्याचंही तसंच. दिवाळीनंतर मालवण-देवगडकडे पाणी चांगलं निवळतं, तिथे तारलीसारखं निळं-चंदेरी जिग शोभतं. मुंबई-रायगडकडे खाड्यांचा गाळ आणि उधाणाला चार-साडेचार मीटर वर-खाली होणारं पाणी, तिथे चंदेरी चमकायला उजेडच मिळत नाही, तिथे पोपटी, पांढरं नाहीतर एकदम काळपट. तुम्ही रत्नागिरीत, म्हणजे दोन्हीच्या मधे, तेव्हा दर वेळी पाणी बघूनच ठरवायचं. त्यासाठी सोपं काम करा, पांढरं जिग जेटीवरून सावकाश खाली सोडा आणि कुठे दिसेनासं होतं ते दोरीवर बघा. मीटरभरात गायब झालं तर चंदेरी पेटीतच राहू द्या. तीन-चार मीटर दिसत राहिलं तर चंदेरी काढा.

आणि ते "गुलाबीवरच लागतो" वालं. ज्याचा गुलाबीवर विश्वास बसलेला असतो तो दिवसभर गुलाबीच टाकतो, मग मासा दुसऱ्या कशावर लागणार? खरंच बघायचं असेल तर मित्राबरोबर बघा, दोघांचं जिग एकाच कंपनीचं, एकाच वजनाचं, एकाच आकाराचं, फक्त रंग वेगळा, शेजारी उभं राहून टाकायचं आणि अर्ध्या तासाने रंगांची अदलाबदल करायची. मासा रंगाबरोबर गेला तर रंगाचा गुण, माणसाबरोबर राहिला तर हाताचा. हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, एका सकाळीत काही ठरत नाही.

तेव्हा खरेदीचं माझं मत : तीन रंग बास. एक निळं-चंदेरी, एक पांढरं किंवा पोपटी ज्यावर ग्लोचे पट्टे आहेत, आणि एक गडद, लाल-काळं किंवा जांभळं. उरलेले पैसे वजनात घाला, जेटीसाठी वीस, तीस, चाळीस ग्रॅम आणि बोटीसाठी साठ, ऐंशी, शंभर. आणि एक-दोन अगदी बारकी दहा ग्रॅमची ठेवा, कारण मासा जवळ्यावर किंवा बारीक पिल्लांवर तुटून पडलेला असताना वीतभर लांबीच्या जिगकडे ढुंकून बघत नाही, मग आपण रंग बदलत बसतो आणि चूक साइजची असते.

प्रश्न : ग्लो आणि फ्लुरोसंट एकच ना? दुकानात दोन्ही एकाच भावाने देतात. – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही, एकच नाही. फ्लुरोसंट रंग खाली पोचलेला निळा-हिरवा उजेड घेऊन त्याचा आपल्या रंगाचा उजेड करतो, म्हणून साध्या नारिंगीपेक्षा फ्लुरोसंट नारिंगी खोलवर जास्त उठून दिसतं. पण मुळात उजेडच नसेल तर तो बंद. ग्लो उजेड साठवून ठेवतो आणि अंधारातही सोडत राहतो, फक्त तो हळूहळू मंदावतो, म्हणून टॉर्च मारून पुन्हा चार्ज करायचा, जांभळट यूव्ही टॉर्च असेल तर काही सेकंदात होतो. दुकानातच हाताची ओंजळ करून आत अंधारात बघा, चमकलं तर ग्लो. अख्खं जिग ग्लो असण्यापेक्षा पट्ट्यांचं मला जास्त आवडतं, पट्ट्यांमुळे जिग फिरताना उजेड-काळोख असं लुकलुकतं.

प्रश्न : माकलासाठी रंगीत एगी (कोळंबीच्या आकाराचं खोटं आमिष) घ्यायला सांगतात, एवढे रंग त्यांना दिसतात का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : जवळपास सगळ्या माकलांच्या डोळ्यात उजेड टिपणारं द्रव्य एकाच प्रकारचं असतं, त्यामुळे आपण म्हणतो तसे रंग त्यांना वेगळे करता येत नाहीत. पण उजळपणातला फरक त्यांना फार चांगला कळतो, आणि पाण्यातल्या उजेडाची एक गोष्ट, पोलराइज्ड उजेड, जी आपल्याला दिसतच नाही, तीही त्यांना कळते. तेव्हा एगी घेताना नारिंगी की गुलाबी हे सोडा, एक उजळ, एक गडद, एक ग्लो एवढं बघा आणि जास्त लक्ष ती किती सावकाश बुडते त्याकडे द्या, कारण माकूल बहुतेक वेळा बुडत असतानाच येऊन बिलगतं.

प्रश्न : रंग उडालेल्या जिगला घरी नेलपॉलिश लावलं तर चालेल का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : चालतं की. आधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, बारीक पॉलिश पेपर मारा पण ओला करून, शिशाची धूळ उडता कामा नये, आणि नंतर हात साबणाने नीट धुवा, स्वयंपाकघरात हे काम नको. पांढरा हात आधी, त्यावर हवा तो रंग, वरून पारदर्शक दोन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. डोळा मात्र काळा आणि मोठा काढा. रंगाचं काम झालं की असिस्ट हुकची (जिगला छोट्या दोरीने बांधलेल्या गळाची) दोरी बघा, ती झिजली असेल तर बदला, आणि गंजलेल्या रिंगाही त्याच बैठकीत काढून टाका.