माणसांना प्रतिसाद देणाऱ्या भिंतींचा अभ्यास आभासी जगात करता येतो का?

तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात माणूस जवळ आला की सरकणाऱ्या भिंती आहेत. त्या खऱ्या बांधणं परवडत नाही, म्हणून डोळ्यांपुढे आभासी जग दाखवणारा हेडसेट घालून लोकांना आत फिरवलं तर तो अभ्यास धरला जाईल का, असं तुम्ही विचारलंय. धरला जाईल, पण नेमकं काय मोजायचं ते आधी ठरवा.

मी सांगलीत वास्तुरचनेचं काम करतो. एका वाचनालयाचा आराखडा मी असाच संगणकात उभा केला होता. मधे चौक, वर लोकांच्या वावरानुसार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा. विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत ओळखीच्या काही जणांना एकेक करून त्यात फिरवलं. माझी मावशी चौकात शिरताना थांबली, पाय उचलला आणि मग आत गेली. उंबरठा फक्त चित्रात होता. खोलीची फरशी सपाट होती. त्या दिवसापासून या पद्धतीवर माझा विश्वास बसला.

याला संशोधनाचाही आधार आहे. 'सेकंड लाइफ' हे आभासी जग २००३ साली सुरू झालं. त्यातल्या अवतारांचं, म्हणजे माणसं पडद्यावर चालवतात त्या बाहुल्यांचं, निरीक्षण करून निक यी, जेरेमी बेलेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं, की दोन पुरुष-अवतार दोन स्त्री-अवतारांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब उभे राहतात आणि फार जवळ आलं की नजर वळवतात. म्हणजे पडद्यावरच्या बाहुल्यांमार्फतसुद्धा अंगवळणी पडलेल्या सवयी सुटत नाहीत.

माझ्या झडपा सुरुवातीला माणूस आल्यावर तीन सेकंदांनी हलायच्या. लोकांना वाटायचं, त्या आपल्या आपणच हलतायत. उशीर जवळजवळ काढून टाकला, तशी माणसं दोन पावलं मागे जाऊन परत पुढे यायला लागली. हे आपल्यामुळेच होतंय ना, याची खात्री करून घेत होती! मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे मागे-पुढे होणं. नंतर भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ते कुणीच लिहिलं नाही, पण हेडसेटच्या नोंदीत पावलापावलाला दिसत होतं. तुम्ही आणखी एक करा: एका गटाला खरोखर प्रतिसाद देणाऱ्या भिंती द्या आणि दुसऱ्या गटाला आधीच्या माणसाच्या वेळी नोंदवलेली हालचाल जशीच्या तशी दाखवा. भिंत तितकीच हलेल, पण समोरच्या माणसामुळे नाही. या दोन गटांतला फरक हाच तुमचा निष्कर्ष. विटा-सिमेंटात इतकी नेमकी तुलना करणं फार अवघड आहे.

बोळ किती फूट रुंद हवा, हे मात्र यावरून ठरवू नका. हेडसेटमध्ये अंतरं आहेत त्यापेक्षा कमी भासतात. उकाडा, मोटरचा आवाज, भिंतीचं वजन यातलंही काही कळत नाही. पॅरिसच्या अरब जग संस्थेच्या इमारतीला (१९८७) ज्याँ नूव्हेल यांनी उजेडानुसार उघडमीट करणाऱ्या झडपा बसवल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे बिघडल्या. संगणकातली भिंत कधी अडकत नाही, म्हणून अडकलेल्या भिंतीपुढे माणूस काय करतो हे मुद्दाम घडवून बघा.

आणि एक तरी भिंत खऱ्या मापात उभी करा. मांडववाल्याकडून बांबू आणा, वर पुठ्ठा ठोका, खाली चाकं लावा आणि मागे मित्राला दोरी धरून बसवा. तीच माणसं तिथे चालवा आणि त्यांच्या पावलांचा ताळा हेडसेटमधल्या नोंदीशी करा. दोरी ओढणारा मात्र कुणाला दिसता कामा नये.