तालुक्याच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून कपड्यांचे फोटो काढले तर हस्तकला प्रदर्शनाच्या निवड समितीला चालतात का? किती पैसे द्यावे?

चालतात. पण कपडे त्याच्या स्टुडिओत पाठवू नका. त्याला घरी बोलवा आणि फोटो निघेपर्यंत बाजूला उभ्या राहा.

आम्ही मोहाडी तालुक्यातले, भंडारा जिल्हा. सासरे करवती किनारीचा, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाचा, कोसा (टसर रेशीम) विणतात, मी त्याची जॅकेटं शिवते. तीन वर्षांआधी एका मोठ्या प्रदर्शनाला अर्ज केला, पाच फोटो मागितले होते. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, मोबाईलचे फोटो कोण पाहते? माझ्या लग्नाचा फोटोग्राफर आहे ना." ४,५०० रुपये ठरले. भाऊजीच गठ्ठा घेऊन गेले, मी गेले नाही. ते आजही मनाला लागून आहे.

फोटो आले. मागे बागेचा पडदा, जॅकेट घातलेली पोरगी गोरी केलेली, आणि कापड गुळगुळीत. नवरीच्या चेहऱ्यावरचे डाग काढतात तसं त्यानं कापड साफ केलं होतं. कोशाचा किडा ऐन-अर्जुनाच्या झाडावर वाढतो, त्याचा धागा कुठं जाड, कुठं बारीक, मधे गाठ. त्या सगळ्या गाठी गेल्या. पिवळ्या लाईटात रंग हळदीसारखा झाला. अंगाचा कोसा आणि दोन्ही काठांचं सूत यांना तीन वेगळे धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधनं, लागतात, आणि दोन रंग भेटतात तिथं धाग्यात धागा अडकवून करवतीचा एकेक दात हातानं बसवावा लागतो. फोटोत ते दात छापल्यासारखे दिसत होते. सासऱ्यांनी चष्मा पुसून फोटो पाहिला, किनारीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे आपलं नोहे."

अर्ज नाकारला. कारण एका ओळीत होतं, हातकाम दिसत नाही. भाऊजींचं म्हणणं, तुमची किंमत जास्त होती. घरात यावर कितीदा वाद झाला असेल.

पुढच्या वर्षी मी त्याच फोटोग्राफरला बोलावलं. पोरगा कामाचा आहे. कोणती गोष्ट डाग नाही हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी आठला सपरीत, म्हणजे ओसरीत, मांजरपाटाचा पडदा बांधला, घरातली ट्यूब बंद केली. दिवसाचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की कोशाचा खरा रंग कॅमेऱ्याला सापडत नाही. उजेड एका बाजूनं येऊ दिला, कारण समोरून फ्लॅश मारला की वीण सपाट होते. दुसऱ्या बाजूला सावली फार गडद पडत होती, तिथं थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला. त्याला म्हटलं, मागं सरक आणि झूम कर, जवळून काढलं की खांदे फुगतात. चार फोटोंत पूर्ण जॅकेट, मागचा पडदा तोच. पाचवा फक्त किनारीचा, कोपरा उलटून, कारण करवतीचे दात उलट बाजूनंही तेवढेच स्वच्छ दिसतात. छापील काठाला ते जमत नाही. नंतर कॉम्प्युटरवर काहीही पुसायचं नाही, हे आधीच कबूल करून घेतलं होतं. त्या वर्षी निवड झाली.

पैशाचं म्हणाल तर नगावर ठरवू नका, अर्ध्या दिवसाचे द्या. नगावर ठरलं की तो घाई करतो. आणि हे सगळं कोशावरून सांगते आहे. तुमचं काम भरतकामाचं असेल तर जवळचे दोन फोटो ठेवा. काळ्या कपड्याला उजेड जास्त लागतो, तिथं माझा हात बसलेला नाही. फोटोवर नाव किंवा शिक्का टाकू नका, पुष्कळ ठिकाणी नाव झाकून निवड करतात. अमेरिकेतल्या अशा मेळ्यांना अर्ज करणार असाल तर तिथं बहुतेक जण स्टॉलचाही एक फोटो मागतात, त्यातही नावाची पाटी दिसू देऊ नका.

भाऊजी हे वाचतील. त्यांना सांगते, दोन्ही वर्षी जॅकेटं तीच होती आणि किंमतही तीच होती.