‘विट’ कुठे, ‘ह्यूमर’ कुठे

प्रश्न असा आहे : एखादी बाई ‘विटी’ आहे म्हटलं काय आणि तिला ‘सेन्स ऑफ ह्यूमर’ आहे म्हटलं काय, मराठीत दोन्हीकडे ‘विनोदी’च येतं, मग इंग्रजीला दोन शब्द कशाला?

‘विट’ म्हणजे मुळात बुद्धी. जाणणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी त्याचं नातं, आणि त्या क्रियापदाचं आपल्या ‘विद्’ धातूशी. म्हणजे ‘विट’ आणि ‘वेद’ चुलत भावंडं! मला तर हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. ‘अनविटिंगली’, म्हणजे अजाणता, यात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.

‘ह्यूमर’ची वाट अधिक वळणाची. लॅटिनमध्ये तो ओलावा, द्रव. ‘ह्युमिड’ही त्याच घरातला. ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव मानत. ज्याचा जोर जास्त, तसा माणसाचा स्वभाव. रागावलेल्या माणसाचं ‘पित्त खवळलं’ असं आपण म्हणतो, त्यामागची समजूत याच जातीची. पुढे द्रवावरून स्वभाव, स्वभावावरून लहर असा अर्थ सरकत गेला. बेन जॉन्सनचं ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक १५९८ साली रंगमंचावर आलं, त्यातला ‘ह्यूमर’ हा असा, लहरीचा. एकेका लहरीने झपाटलेली माणसं बघून लोक हसू लागले आणि हळूहळू शब्दच हसण्याकडे झुकला. ‘ह्यूमर हिम’ म्हणजे त्याच्या कलाने घ्या. तिथे लहर अजून टिकून आहे.

यजमान म्हणाले, “उशीर केलात!” पाहुणे म्हणाले, “जिलबीच्या आधी आलो, म्हणजे वेळेवरच.” ही ‘विट’. शब्द काढून घेतले तर मागे काही उरत नाही. उलट, गाडी चुकू नये म्हणून दोन तास आधी स्टेशनावर जाऊन बसणारे आणि तिथेच डुलकी लागून गाडी चुकवणारे काका हा ‘ह्यूमर’चा ऐवज. आणि घरी परतल्यावर ते स्वतःच हसत हे सांगत असतील, तर तो ‘सेन्स ऑफ ह्यूमर’.

‘विटी’ला मी ‘हजरजबाबी’ म्हणेन. ‘कोटीबाज’ नको, कारण कोटी शब्दाच्या दोन अर्थांवर उभी असते आणि वरच्या जिलबीत तसं काही नाही. ‘सेन्स ऑफ ह्यूमर’ला ‘विनोदबुद्धी’ रूढ आहे, पण त्यातली ‘बुद्धी’ मला खटकते. ती पुन्हा ‘विट’कडेच ओढते. मी ‘विनोदाची जाण’ लिहितो.