बॅन्शी, हडळ आणि ‘सद्’

प्रश्न आला आहे की, आयरिश पुराणकथांतल्या ‘बॅन्शी’ला मराठीत हडळ म्हणावं की जखीण?

हडळ मुळीच नको. हडळ माणसाला धरते, झपाटते. बॅन्शी कोणाच्या वाटेला जात नाही. आडनावाला ‘ओ’ नि ‘मॅक’ लावणाऱ्या जुन्या आयरिश घराण्यांत कोणी जाणार असलं की ती आधी रडते, एवढंच. मयताच्या घरी बायका सूर लावून जो विलाप करत, तो तिचा आवाज. तरी ‘बॅन्शीसारखी किंचाळली’ हे वाक्य अनुवादांतून हटत नाही. बाई चिडली की बॅन्शी! अहो, ती चिडलेली नसते, ती शोक करत असते. जखीण त्यातल्या त्यात बरी; तो शब्द ‘यक्षिणी’वरून आला, म्हणजे मुळात भूत नव्हे, उपदेवता.

शब्द खरा दोन तुकड्यांचा आहे, ‘बॅन’ आणि ‘शी’. ‘बॅन’ म्हणजे बाई. त्याची षष्ठी ‘म्ना’ होते आणि ती ऋग्वेदातल्या ‘ग्ना’ची, म्हणजे देवस्त्रीची, सख्खी बहीण. ‘शी’चा अर्थ मात्र सर्रास ‘परी’ असा देतात. शी म्हणजे टेकाड! जुन्या आयरिशमध्ये ‘शीध’. मूळ धातू ‘सेद्’, बसणे; आयरिश आणि संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतला. तोच आपला ‘सद्’. सदन, सभासद, उपनिषद, सगळी त्याचीच लेकरं. मिलेशियनांकडून, म्हणजे कथांनुसार नंतर आयर्लंडात आलेल्या माणसांकडून, हरल्यावर तुआहा डे डॅनन हे देव जमिनीखाली गेले आणि एकेका टेकाडात जाऊन बसले. ती त्यांची सदनं. आपल्याकडे गणपती बसतात, घट बसतात, तेव्हा आपल्याला हे समजावून सांगायला नको. (मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’मधून आलं आहे, त्याला ‘सद्’च्या गोत्रात ओढू नये.)

या सदनांपैकी सर्वांत नामांकित बॉइन नदीकाठचं न्यूग्रेंज, इ.स.पू. ३२००च्या सुमाराचं. ते या देवांपैकी दाग्दाकडे होतं. त्याचा मुलगा एंगस वाटणी मागायला आला, तेव्हा टेकाडं वाटून संपली होती. मग त्याने ‘दिवस आणि रात्र’ राहायला मागितलं. दाग्दाने दिलं. मुदत संपली म्हणून दाग्दा उठवायला गेला, तर एंगस म्हणतो, दिवस आणि रात्र म्हणजेच सगळं जग, ते तू मला देऊन बसलास. आयरिशमध्ये इंग्रजी ‘a’सारखं ‘एक’ सांगणारं उपपदच नाही, म्हणून हा डाव साधतो. इंग्रजीत तो मरतो. मराठीत जसाच्या तसा उतरतो, आणि तरीही आपले अनुवादक इंग्रजीवरून ‘एक दिवस आणि एक रात्र’ लिहून कथेचा जीव घेतात.

आता वादाचा मुद्दा. जुन्या आयरिशमध्ये ‘शीध’ म्हणजे शांतताही. काही कोशकार हे दोन वेगळे शब्द मानतात, योगायोगाने सारखे दिसणारे. मला हे साफ नामंजूर आहे. कोन्ला या राजपुत्राच्या साहसाच्या जुन्या कथेत त्याला न्यायला आलेली देवस्त्री स्वतः सांगते: आम्ही मोठ्या शीधमध्ये राहतो, म्हणून आम्हाला शीधची माणसं म्हणतात. तिथे भांडण नाही, मरण नाही. निवेदकाच्या कानाला टेकाड आणि शांतता एकच होती. श्लेष म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, असा आक्षेप येतो. कबूल, पण दोन्ही अर्थ ‘सेद्’वरूनच निघतात हे तेच कोशकार मान्य करतात. धातू एक, रूप एक, ऐकणाऱ्यांच्या मनात नातं पक्कं, मग वेगळे कशाच्या जोरावर करता? धुरळा खाली बसतो, राज्याची घडी बसते, तेव्हा शांतता होते. राजा न्यायी असेल तर धान्य पिकतं, गाई दुभतात, हे आयरिश कथांचं नेहमीचं सूत्र. आणि त्या राजाला राजेपण मिळतं तेही शीधमधल्यांच्या कौलाने. म्हणजे टेकाडाशी बिनसलं की राज्यातली शांतता गेलीच.

अनुवादात ‘बॅन्शी’च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘टेकाडातली बाई’ एवढं जोडा.