जेआरएफ मिळाली आहे, बँकेतली नोकरी सोडू का?

प्रश्न : वय २८. पुण्यात खासगी बँकेत चार वर्षं सात महिने नोकरी, हातात पगार ५४,०००. इतिहासात एमए, नेट (सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) जेआरएफसह, म्हणजे पीएच.डी.साठी दरमहा मिळणाऱ्या फेलोशिपसह उत्तीर्ण. एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएच.डी.ला प्रवेश नक्की झाला आहे, विषय सातारा भागातली इनामं. मुदत ठेव ४.६ लाख, वैयक्तिक कर्ज बाकी १.९ लाख, हप्ता ९,८००, अजून २२ महिने. सांगलीला घरी आईवडिलांना १०,००० पाठवते. हप्ता सोडून एकूण खर्च ३२,०००. नोकरी सोडावी की अर्धवेळ पीएच.डी. करावी?

उत्तर : सोडा, पण राजीनाम्याची तारीख मोजूनमापून ठरवा.

अर्धवेळचा पर्याय कागदावरच स्वस्त दिसतो. बँकेचं ना-हरकत पत्र लागतं आणि जेआरएफवर पाणी सोडावं लागतं. शिवाय तुमची कागदपत्रं पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात. तिथले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) उघडून मोडी लिपी वाचत बसायचं तर कचेरीच्या वेळातच, आणि त्या वेळात तुम्ही काउंटरवर असणार. वर्षाच्या रजा त्यात घातल्या तरी चार-सहा रुमालांपुढे मजल जाणं कठीण.

आता आकडे. जेआरएफचे दर १ जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं ३७,०००, पुढची तीन वर्षं ४२,०००. पाच वर्षांचे बरोबर २४ लाख. पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला असं धरलं तर त्याच काळात नोकरीतून सुमारे ३८ लाख मिळतील. म्हणजे या निर्णयाची किंमत १४ लाख, भविष्यनिर्वाह निधीतला बँकेचा वाटा वेगळा. वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता मिळू शकतो, पण तो हाती येईपर्यंत हिशोबात धरू नका.

खरी अडचण रकमेपेक्षा वेळेची आहे. फेलोशिप पगारासारखी एक तारखेला पडत नाही. हजेरीवर गाइडची सही, मग महाविद्यालय-विद्यापीठाकडून पोर्टलवर त्या महिन्याची पुष्टी, मग पैसे. एक पुष्टी राहिली की महिना अडकतो. सुरुवातीला चार-सहा महिने काहीच न येणं नवलाचं नाही. थकबाकी नंतर येते, पण घरमालक थकबाकीवर थांबत नाही. दोन वर्षांनी समितीसमोर प्रगती मांडून वरचा दर मिळवायचा असतो. ती बैठक लांबली तर वाढही लांबते.

म्हणून ठेव मोडून कर्ज आधी फेडा. मुदतपूर्व फेडीचं शुल्क किती ते आधी विचारा. ते धरूनही सुमारे २.६ लाख उरतील, म्हणजे ३२,०००च्या हिशोबाने आठ महिन्यांचा खर्च. व्याजात फारसं वाचणार नाही. फायदा हा की ३७,०००मधून ९,८०० जाणार नाहीत. हप्ता चालू ठेवलात तर पहिल्या दिवसापासून दरमहा ४,८०० तूट.

राजीनामा दोन महिने पुढे ढकला. नोटीस ९० दिवसांची असेल तर सेवेची पाच वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार २७,००० असेल तर २७,००० × १५ ÷ २६ × ५ = सुमारे ७७,८८५ रुपये. चार वर्षं २४० दिवसांवरही काही कंपन्या देतात, काही अडून बसतात; वाद घालत बसण्यापेक्षा दोन महिने परवडले. मात्र रुजू होण्याची तारीख संशोधन केंद्राकडून लेखी वाढवून घ्या आणि फेलोशिपपत्राची वैधता तपासा. पगार आणि फेलोशिप एकाच दिवशीची दिसता कामा नये, नाहीतर वसुली मागे लागते. भविष्यनिर्वाह निधी काढू नका. आईवडील कंपनीच्या आरोग्य विम्यात असतील तर शेवटच्या दिवसाआधी त्यांची स्वतंत्र पॉलिसी सुरू झालेली हवी.

संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी मानव्यशाखेला पहिल्या दोन वर्षांत वर्षाला १०,००० मिळतात, महिन्याला ८३३. त्यात लॅपटॉप, हार्डडिस्क, प्रतींचं शुल्क, सातारा-मुंबई फेऱ्या बसत नाहीत. मोडी लिप्यंतर पानामागे पैसे देऊन करून घ्याल तर तो एकच खर्च सगळं खाईल. आत्ताच, पगार चालू असताना, मोडी शिकून घ्या.

आणखी एक फट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. प्रबंध सादर झाला की फेलोशिप थांबते, पाच वर्षं व्हायची असली तरी. त्यानंतर व्हायवापर्यंतचे (तोंडी परीक्षेपर्यंतचे) महिने बिनपैशाचे. चौथ्या-पाचव्या वर्षी ४२,०००मधले ४,००० बाजूला टाकत गेलात तर ९६,००० जमतील, तीन महिन्यांची सोय.

पुढच्या नोकरीबद्दल भ्रम नको. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची नाही, ती पात्रता तुमच्याकडे आजच आहे. पूर्णवेळ जागेचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, पण अनुदानित जागांची भरती रखडत चालते आणि मधल्या काळात हाती येतं ते तासिका तत्त्वावरचं काम : शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत शून्य. पस्तिशीत तशी दोन-तीन वर्षं काढायची घरच्यांची तयारी आहे का, हे सांगलीला जाऊन समोरासमोर विचारा, फोनवर नको.