गोळी अर्धी तोडून घेतली तर चालते का?

मधोमध रेघ असेल तर बहुतेक वेळा चालते, तरी आधी पाकिटावरचं नाव नीट वाचा. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका. ही गोळी १२ ते २४ तास हळूहळू विरघळते. तोडली तर बराचसा डोस एकदम रक्तात उतरू शकतो. ॲसिडिटीवरची पँटोप्राझोलची गोळी तर अजिबात तोडू नये, वरचा थर फुटला की औषध जठरातल्या आम्लातच वाया जातं.

उरलेली अर्धी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि पुढच्याच डोसला वापरा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, आणि पुष्कळ पाकिटांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं. तेव्हा स्कूटरच्या डिकीत नकोच.