युनिट सोड, झोप सोडू नकोस

तुझी वही माझ्याकडेच राहिली. रसायनशास्त्राची, स्पेक्ट्रोस्कोपीच्या युनिटची, निळ्या कव्हरची. रविवारी तू एनएमआरची शंका घेऊन आलीस, मी चहा टाकायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर तू सोफ्याच्या हातावर मान टाकून झोपलेली. दहा मिनिटांनी दचकून उठलीस, 'सॉरी सर' म्हणत गार चहा एका घोटात संपवलास आणि पळालीस. वही मी काल उघडली. दुसऱ्याची वही उघडू नये, पण पस्तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला राहवत नाही. सुरुवातीला अक्षर गोलसर, सुबक. तीन पानांनंतर ओळी उजवीकडे उतरायला लागतात. मग एके ठिकाणी 'कपलिंग कॉन्स्टंट' तीनदा लिहिलंय आणि तिसऱ्यांदा लिहिताना पेन घसरत समासाबाहेर गेलंय. तिथे तुझा डोळा लागला. पुढच्या ओळीला पुन्हा सुरुवात, वेगळ्या पेनाने. त्या पानावरचं आज तुला काय आठवतंय, खरं सांग.

'परीक्षा आली आणि वाचलेलं राहतच नाही सर, मी मठ्ठ झालेय का?' असं तू दारात चपला घालताना विचारलंस. तू हुशार आहेस, सगळं नीट होईल, हे तुझी आई रोज फोनवर सांगत असेलच. मी ते सांगत नाही. मी एकच सांगतो आणि पत्रभर तेच सांगणार आहे: युनिट सोड, झोप सोडू नकोस.

१९८४ साली मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. ऑरगॅनिकच्या पेपरच्या आधी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. खोलीत आम्ही चौघं, एक स्टोव्ह, पातेलंभर काळा चहा. आधी कोण झोपतो त्याची टिंगल. पेपर सोपा होता. पिनाकोल-पिनाकोलोनची मेकॅनिझम मी झकास लिहिली, आणि तासाभराने पुरवणीवर तीच पुन्हा लिहिली, तितकीच झकास. पाचवा प्रश्न कोराच राहिला. हे मला व्हरांड्यात कळलं, मित्र पाचव्याबद्दल बोलायला लागले तेव्हा. पाचवा प्रश्न मला येत होता. दोन टक्क्यांनी फर्स्ट क्लास गेला, त्यामुळे संशोधनाची जागा गेली, आणि मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागलो. आता सगळाच दोष त्या दोन रात्रींचा की नाही, कोण जाणे. माणसाला आयुष्याचं बिल फाडायला एखादी रात्र लागते. पण पाचवा प्रश्न मला येत होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

तू रसायनशास्त्राची आहेस, तर रसायनशास्त्रातच बोलू. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साचत जातं, त्याने पेंग येते. कॅफिनची रचना त्याच्यासारखीच, प्युरिनच्या सांगाड्याची, म्हणून ते ॲडेनोसिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसतं. पेंग दबते, पण ॲडेनोसिन कुठेही जात नाही, दाराबाहेर थांबून राहतं. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. अभ्यासिकेखालच्या टपरीवर तू अकराला कॉफी घेतेस, म्हणजे पहाटे चारला अर्धी कॉफी अजून तुझ्यात आहे. अर्धायुष्याची गणितं तोंडपाठ असणाऱ्या मुलीला हे मी सांगायचं?

आणि पाठांतराचं म्हणशील तर १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरगट पाठ करायला लावले. पाठ करून झोपले तेव्हा आठ तासांनी बरेच आठवले. पाठ करून जागे राहिले तेव्हा बहुतेक उडाले. प्रयोग छोटा होता, पण नंतर इतरांनी पुन्हा पुन्हा करून पाहिला. म्हणजे झोपही अभ्यासातच धरायची. रसायनशास्त्रज्ञ केकुलेला डुलकीत साप दिसला आणि बेंझीनचं कडं सुचलं, ती गोष्ट मात्र मला सांगू नकोस. ती त्याने स्वतः १८९० मध्ये, बेंझीनच्या शोधनिबंधाला पंचवीस वर्षं झाल्यावर सांगितली, आणि ती कितपत खरी यावर अजून वाद आहे.

आणखी एक. सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा चुकतो, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. तू सहाला उठतेस आणि एकपर्यंत वाचतेस. हिशेब तूच कर.

'पण सर, तीन युनिट्स राहिलीत.' राहू देत! दोन कर, एक सोड. पेपरात पर्याय असतात ते कशासाठी? सोडायला धीर लागतो, जागायला नुसता चहा लागतो. साडेदहाला वही मिट, फोन मैत्रिणीकडे दे, त्या ग्रुपवर 'कुणाचं किती झालं' बघू नकोस. तिथे सगळे खोटं बोलतात, आम्हीही बोलायचो. मेसचा डबा वेळेवर खा. पंखा गरम हवा फेकत असेल तर ओला पंचा खिडकीला टांग. कॉट बेसिसवरच्या खोलीत दिवा बंद करायचा म्हणजे भांडण होतं, मला माहीत आहे. कर भांडण.

घरचे म्हणतात, मी या बाबतीत अतिच करतो. मुलीच्या हळदीच्या रात्री मंडपात नाच चालला होता आणि मी साडेदहाला कानात कापूस घालून झोपलो. सकाळी मुहूर्ताला ताजातवाना एकटा मीच होतो, गुरुजीसुद्धा जांभया देत होते. मुलगी अजून म्हणते, 'बाबा, त्या रात्रीच्या एकाही फोटोत तुम्ही नाही.' मी म्हणतो, सकाळच्या सगळ्या फोटोंत आहे की! ती त्यावर काही बोलत नाही. जाऊ दे. तुझा पेपर आहे, लग्न नाही.

एका गोष्टीपुढे मात्र माझं शहाणपण थांबतं. अंथरुणावर पडूनही तीन-चार रात्री झोप आली नाही, छाती धडधडत राहिली, उगीच रडू येत राहिलं, तर तो आळस नाही आणि माझ्या दटावण्याने तो जाणारही नाही. १४४१६ ला फोन कर. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मला कळवलंच पाहिजे असं नाही.

वही टेबलावर ठेवली आहे. घसरलेल्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने कपलिंग कॉन्स्टंटचं गणित सोडवून ठेवलंय, पण ते उद्या सकाळी बघ. न्यायला साडेनऊच्या आत ये. त्यानंतर बेल वाजवलीस तर काकू दार उघडेल, मी नाही.